हुंडेकरीबाई ड्यूटीवर नाहीत

सदानंदचा आवाज मी पहिल्या ‘हॅलो’लाच ओळखला आणि मला हसू फुटलं. टेलिफोनच्या बोर्डावर बसून हसायची सोय नसते. ओठ दाताखाली धरला आणि रोजच्यासारखं म्हटलं, “मिल एक्स्चेंज, नमस्कार.”

पलीकडं खाकरणं झालं. फोनवर बोलायचं म्हटलं की हा माणूस आधी घसा साफ करायचा, मग आणखी एकदा हॅलो म्हणायचा, मग मुद्द्यावर यायचा. हायस्कुलात मास्तर होता, वर्गात शिरल्यासारखं केल्याशिवाय त्याला तोंड उघडता यायचं नाही. मागं टांग्यांचा आवाज येत होता, म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानातून बोलत होता. दुकानदार त्याच्या ओळखीचा, आतल्या खोलीत बसून फोन करू द्यायचा.

“हॅलो. बाई, एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “हुंडेकरीबाई ड्यूटीवर आहेत का?”

हुंडेकरीबाई म्हणजे मीच. मालन हुंडेकरी. आणि विचारणारा माझा लग्नाचा नवरा. बायकोलाच विचारतोय, बायको आहे का म्हणून! आता मला सांगा, हसू यावं की नाही?

त्याच्या हिशेबानं माझी ड्यूटी दुपारची होती. मला वाटलं, काहीतरी निरोप ठेवायचा असेल. संध्याकाळी लवकर ये म्हणून सांगायचं असेल, नाहीतर सिनेमाची तिकिटं काढली असतील. म्हटलं, चला, थोडी गंमत करू. नंतर रविवारी त्याच्यासमोर हे सगळं जसंच्या तसं बोलून दाखवीन आणि तो कसा ओशाळतो ते बघीन. म्हणून मी बोर्डावरच्या आवाजातच म्हटलं, “नाही. हुंडेकरीबाई ड्यूटीवर नाहीत. दुपारी येतील. काही निरोप आहे का?”

“नाहीत ना? बरं झालं,” तो म्हणाला. “मग मला मॅनेजरसाहेबांना जोडून द्या.”

इथं थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला माझ्या हसण्याचाही अर्थ लागायचा नाही आणि पुढच्याचाही.

ही गोष्ट सोलापूरची, आणि तीही जुनी, गावात डायलचे फोन यायच्या आधीची. मी ज्या मिलमध्ये होते तिचं नाव सांगत नाही. मालक गेले, मिलही गेली, मेलेल्यांना काय बोल लावायचा. माझे वडील तिथं विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. ते अचानक गेले तेव्हा मी नुकती मॅट्रिक झाले होते, म्हणून साहेबांनी मला मिलच्या टेलिफोन बोर्डावर घेतलं. घरात आई आणि धाकटी बहीण सरोज. या फोनच्या वेळी सरोज मिरजेला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष राहिलं होतं. घर आणि सरोजचं शिक्षण, दोन्ही माझ्या पगारावर. दुसरा कुणी कमावता नव्हता, आणि काका-मामा म्हणाल तर तेराव्याला जेवून गेले ते गेलेच.

बोर्ड म्हणजे आमच्यासमोर उभं केलेलं एक लाकडी कपाटच. त्यात ओळीनं भोकं, प्रत्येक भोकावर पितळी झाकण. कुणी फोन उचलला की त्याचं झाकण खट्कन पडायचं. मग आपण दोरीचा प्लग त्या भोकात घालायचा, पुढची की, म्हणजे खटका, दाबायची, कोण पाहिजे विचारायचं आणि जोडीची दुसरी दोरी ज्याला पाहिजे त्याच्या भोकात घालायची. सूतखातं, रंगखातं, बॉयलर, गोडाऊन, मुंबईचं हेडऑफिस, सगळ्यांचं बोलणं आमच्या हातातून जायचं. दोघं बोलायला लागले म्हणजे की सोडून द्यायची. की सोडली की आपण बाहेर, दाबून धरली की आपण मधे. ती सोडायची हाच धर्म. आता खोटं कशाला बोलू, थोडंथोडं सगळ्याच ऐकायच्या. पण ऐकलेलं त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हे मात्र कुणी मोडलं नाही.

आमच्या हेड म्हणजे गुर्जरबाई. पन्नाशीच्या, विधवा, अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याला वाटावं एखादी तरणीताठी सुशिक्षित मुलगी बोलतेय. मला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी मी बोर्डावर ‘काय पायजे?’ म्हटलं तर माझ्या हातावर चापट मारली होती. म्हणायच्या, बोर्डावर बसलीस की तुझ्या आवाजाला गाव नको, वय नको, राग नको. सहा महिने घोटून घेतलं त्यांनी. शेवटी माझा बोर्डावरचा आवाज असा झाला की आई एकदा वाण्याकडून फोन करून माझ्याशीच, मालनला द्या म्हणून हुज्जत घालत बसली. तेव्हा सदानंदला ओळखू आला नाही यात त्याचा दोष नाही. घरी मी खणखणीत सोलापुरी बोलायची आणि त्यानं मिलमध्ये फोन कधी केलाच नव्हता.

केला नव्हता, कारण करायची बंदी होती. मिलचा नियम असा की बोर्डावर कुमारिकाच पाहिजे. लग्न झालं की महिनाअखेर घरी. मालकांचं म्हणणं, बाईचं लग्न झालं की लक्ष उडतं आणि पाळणा हलला की बोर्ड बंद पडतो. विधवा चालायची, सवाष्ण चालायची नाही. असला तो कायदा! मग मुली काय करणार? लग्न लपवायच्या. काळी पोत ब्लाउजच्या आत सारायची, वर पदर पिनेनं घट्ट लावायचा, कुंकवाची टिकली बारीक करायची. माझ्या आधीची इंदू साबणे अशीच वर्षभर निभावून गेली. मग एकदा खाली पडलेला प्लग उचलायला वाकली, पोत बाहेर आली आणि नेमका दारात कारकून उभा. दुसऱ्या दिवशी इंदूच्या खुर्चीवर नवी मुलगी बसली होती.

इंदूचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं, तरी मी लग्न केलं. कारण सदानंद.

सरोज मॅट्रिकला असताना सदानंद कुलथे तिला गणित शिकवायला यायचा. बोलायला मऊ, वागायला सरळ, चहा दिला तर कप स्वतः विसळून ठेवणारा पुरुष मी तरी तोवर पाहिला नव्हता. त्यानं मागणी घातली तेव्हा मी साफ सांगितलं की सरोज पायावर उभी राहीपर्यंत मला नोकरी सोडता यायची नाही. तो म्हणाला, मग नको सोडूस. गुपचूप लग्न करू. तू आईकडं राहा, मी खोली घेऊन राहतो, मी थांबेन. बार्शीला त्याच्या मावशीच्या गावी जाऊन आम्ही लग्न नोंदवलं. शुक्रवार पेठेत त्यानं माडीवरची खोली घेतली. रविवारी आणि सुट्टीच्या संध्याकाळी मी तिथं जायची, उंबऱ्याच्या आत गेल्यावर पोत बाहेर काढायची. दोन वर्षं हा असला संसार केला आम्ही, आणि देवाशप्पथ सांगते, सुखात केला. तेव्हा मी त्याला ‘अहो’ म्हणायची. आता नाव घेऊन अरेतुरे बोलते, त्याचं कारण सांगतेच आहे.

त्या फोनच्या पंधरा दिवस आधी त्याला साताऱ्याच्या शाळेत वरची जागा मिळाली. मला म्हणाला, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, एवढं वर्ष जाऊ द्या, सरोजची परीक्षा झाली की त्याच दिवशी राजीनामा देऊन येते. तो बराच वेळ खिडकीतून खाली बघत राहिला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, तुझ्या मनासारखं होऊ दे. मी पुढं जातो, वर्ष काय, बघता बघता जाईल. मला तर भरून आलं. घरी येऊन आईला सांगितलं, देवमाणूस आहे म्हणून. आई भाकरी थापत होती. म्हणाली, देव नसला तरी चालेल बाई, माणूस असला म्हणजे झालं.

फोन आला त्या दिवशी सकाळी माझ्या जोडीची नलू दारात उभी. तिच्या आईच्या मोतीबिंदूचं सिव्हिलला ऑपरेशन ठरलं होतं, तर आजची तिची सकाळची ड्यूटी मी करू का, दुपारी ती माझी करील. आम्ही अशा ड्यूट्या नेहमी बदलायचो, वर कळवायचीसुद्धा गरज नसायची. मी हो म्हटलं, दोन घास खाल्ले आणि मिलचा भोंगा वाजायच्या आत बोर्डावर जाऊन बसले. सदानंदला हे कळणार कुठून?

तर आता पुन्हा त्या फोनवर येते.

मॅनेजरसाहेबांना द्या म्हणाला, तेव्हाही माझ्या मनात पाप आलं नाही. चौबळसाहेब शाळेच्या गॅदरिंगला कधीमधी पाहुणे म्हणून जायचे. म्हटलं, निरोपाचा समारंभ वगैरे असेल, त्याचंच आमंत्रण द्यायचं असेल. आणि मी ड्यूटीवर नाही हे बरं झालं, म्हणजे बिचाऱ्याला वाटलं असेल की माझ्यासमोर साहेबांशी बोलताना अवघडायला होईल. “जोडते, थांबा हं,” म्हटलं आणि साहेबांच्या भोकात प्लग घातला. साहेब आले. की सोडायला हवी होती. पण म्हटलं, आपला नवरा एवढ्या मोठ्या साहेबाशी कसा बोलतो ते दोन वाक्यं ऐकावं. कौतुकानं ऐकायला बसले हो मी, कौतुकानं!

आधी खाकरला. साहेबांनी आपलं नाव काय म्हणून विचारलं.

“नाव राहू द्या, साहेब. तुमच्या मिलचा हितचिंतक समजा,” सदानंद म्हणाला. “तुमच्या टेलिफोन बोर्डावर हुंडेकरी म्हणून बाई आहे. तिचं लग्न झालेलं आहे. दोन वर्षं झाली.”

साहेब जरा त्रासून म्हणाले की असले निनावी फोन त्यांना येतात, कुणाचं कुणाशी वाकडं असलं की लोक असंच करतात, तुमच्याकडं पुरावा काय?

“दुपारी ड्यूटीवर येईल तेव्हा बोलावून घ्या,” तो म्हणाला. “ब्लाउजच्या आत काळी पोत असते. दोन वाट्यांची. त्यातली डावीकडची जरा चेपलेली आहे.”

ती वाटी लग्नाच्या दिवशी चेपली होती. पोत बांधताना याच्या हातातून ती फरशीवर पडली आणि त्याच्याच टाचेखाली आली. मला रडू आलं तर म्हणाला होता, असू दे, आपली खूण झाली, हरवली तर ओळखता येईल.

साहेबांनी विचारलं, यात तुमचा काय फायदा?

“काही नाही साहेब. नियम तो नियम. फक्त एक विनंती आहे. मी फोन केला होता हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका. बाई साधी आहे, मनाला फार लावून घेते.”

माझे कान नुसते पेटले. समोर झाकणं पडत होती, खट् खट्, रंगखातं, गोडाऊन, सूतखातं, आणि मला ती दिसत होती पण हात उचलेना. गुर्जरबाईंनी शेजारून हात लांब करून माझे फोन घेतले. त्यांना वाटलं मला घेरी आली. घेरी कसली, मला एकदम सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. आज दुपारी मला काढून टाकणार. मी रडत याच्याच खोलीवर जाणार. हा माझे डोळे पुसणार, पाठीवरून हात फिरवणार आणि आठ दिवसांत मला साताऱ्याला घेऊन जाणार. सरोजचं शिक्षण अर्ध्यावर बुडणार, आई लोकांच्या दारी जाणार, आणि हा मात्र शेवटपर्यंत देवमाणूसच राहणार. मी जन्मभर सांगत बसले असते की बघा, माझ्यासाठी थांबायला तयार होता हो, पण माझ्या नशिबानंच दगा दिला.

भांडला असता तर चाललं असतं. चल म्हणून हाताला धरून ओढलं असतं, दोन शब्द वाकडे बोलला असता, मी रुसले असते, रडले असते, कदाचित गेलेही असते. पण गोड बोलून माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि त्याच हातानं फोन उचलायचा? केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

बोलणं संपल्याचं झाकण पडलं. मी दोऱ्या काढल्या. काढतेय तोवर साहेबांचं झाकण पुन्हा पडलं.

“बोर्डावर कोण आहे?” साहेबांनी विचारलं.

“हुंडेकरी, साहेब.”

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, तुमची तर दुपारची ड्यूटी ना? मी सांगितलं, बदलून घेतली. मग एवढंच, “वर या.”

मी हेडफोन उतरवला, भिंतीकडं तोंड करून पोत डोक्यावरून काढली आणि गुर्जरबाईंच्या हातात दिली. विधवेच्या हातात मंगळसूत्र देऊ नये म्हणतात. मला तेव्हा असलं काही सुचलं नाही, आणि त्यांनीही मागं घेतला नाही हात. डब्याच्या पिशवीत ती खाली सारली. मग हळूच विचारलं, “सांगितलं कुणी?”

“घरातूनच,” मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडं नीट बघितलं. माझ्या मानेवर मण्यांचा वळ होता, तो आपल्या पदरानं पुसल्यासारखं केलं, पुसून जाणार होता थोडाच. म्हणाल्या, “पदराची पीन काढ. गळा झाकून उभी राहू नकोस त्याच्यासमोर.”

चौबळसाहेब खुर्चीत मागं रेलून बसले होते. बसा म्हणाले नाहीत. आधी माझ्या गळ्याकडं बघितलं, मग लाजल्यासारखं टेबलावरच्या पेपरवेटकडं. भला माणूस होता, असलं काम त्याला झेपत नव्हतं.

“मघाचा फोन तुम्हीच जोडलात?”

“हो साहेब.”

“ऐकलात?”

“जोडून दिला की आम्ही बाजूला होतो, साहेब.”

पेपरवेट त्यांनी एकदा इकडून तिकडं सरकवला. म्हणाले, “तुमचं लग्न झालंय असं कुणीतरी कळवलंय.”

“नाही साहेब,” मी म्हटलं. “माझं लग्न झालेलं नाही.”

“आवाज कुणाचा वाटला? ओळखीतला? नात्यातला?”

“परका होता.”

दोन्ही उत्तरं देताना जीभ अडखळली नाही. जिना चढताना मला भीती होती की खोटं बोलताना मी पकडली जाईन. पण आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. खाली बोर्डावर बसले तेव्हा मी त्याची बायको होते, वर जाईपर्यंत नव्हते, इतकं सरळ होतं ते.

साहेब म्हणाले, ठीक आहे, असले फोन येत असतात, जा कामाला. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, “आणि मिस हुंडेकरी, त्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला तर मला जोडू नका.” त्यांना काय कळलं आणि काय नाही, मी कधी विचारलं नाही. त्या बोर्डावर मी तो उठेपर्यंत होते. डायलचे फोन आले, कपाट भंगारात गेलं, आम्हाला टाइपिंगला बसवलं. सरोज नर्स झाली, मेट्रन होऊन रिटायर झाली. पण हे सगळं नंतरचं.

ड्यूटी संपल्यावर गुर्जरबाईंनी पिशवीकडं बोट करून, घालतेस का, असं खुणेनंच विचारलं. मी मान हलवली. म्हटलं, राहू दे तुमच्याकडं. घरी जायचा धीर नव्हता. आईनं चेहरा बघितला असता आणि मग मला तिच्यासमोर उभं राहता आलं नसतं. सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन पायऱ्यांवर बसले. बायका धुणं धूत होत्या, माझ्याकडं बघत होत्या. बसून बसून एकच विचार. तो स्वतः होऊन सांगेल का? ‘मालन, माझ्या हातून असं झालं, मला तुझ्याशिवाय राहवेना,’ एवढं जरी म्हणाला असता ना, तर मी काय केलं असतं ते मला आजही सांगता यायचं नाही. वेडी असते बाई. एवढं झाल्यावरही माझ्या पोटात ती आशा होती, आणि त्या आशेवरच मी शाळा सुटायच्या वेळेला उठले आणि शुक्रवार पेठेत गेले.

माडीचा जिना चढले तर दार उघडंच. सदानंद स्टोव्हवर चहा करत होता. मला बघून दचकला. माझ्या दुपारच्या ड्यूटीची वेळ, आणि मी दारात, डोळे सुजलेले. तो एकदम उठला. मी अजून चप्पलसुद्धा काढली नव्हती, तोंडातून शब्द काढला नव्हता.

“आत ये, बस आधी,” त्यानं माझा हात धरला. “चेहऱ्यावरूनच समजलं मला. जाऊ दे, मालन. नोकरी म्हणजे काही आयुष्य नव्हे.”

मी बसले. त्यानं चहा गाळला, माझ्यापुढं कप ठेवला, स्वतःच्या बशीत ओतून घेतला आणि बोलत राहिला. देव करतो ते बऱ्यासाठी करतो म्हणाला. सरोजचं काहीतरी होईल, एखादी शिष्यवृत्ती बघू म्हणाला. आईंना आपण महिन्याला काहीतरी पाठवत जाऊ म्हणाला. साताऱ्याला मुख्याध्यापकांच्या ओळखीनं दोन खोल्या बघून ठेवल्यात, मागं परसू आहे, तुला तुळस लावता येईल. त्या खोल्या कधी बघितल्या, हे मी विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पाणी खरं होतं, याचाच मला जास्त राग आला. मी वाट बघत होते. आता सांगेल, आता सांगेल. त्यानं बशी खाली ठेवली, माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“पण असं केलं कुणी असेल?” तो म्हणाला. “आपलं वाईट चिंतणारं कोण आहे तिथं? मला तर त्या गुर्जरबाईचाच संशय येतो. विधवा बाई, दुसरीचं चांगलं बघवत नसेल.”

तिथं माझी आशा संपली. मी त्याचा हात पाठीवरून काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

“नोकरी गेलेली नाही,” मी म्हटलं.

“गेली नाही? मग तू या वेळेला कशी?”

“नलूची सकाळची ड्यूटी होती. ती मी केली आज.”

आधी त्याला काही उमगलं नाही. मग त्याची नजर माझ्या गळ्यावर गेली, मोकळ्या गळ्यावर, आणि तिथंच थांबली. स्टोव्ह फुरफुरत होता, तो बंद करायचंही त्याला सुचेना.

“सकाळी बोर्डावर... गुर्जरबाई होत्या ना?”

मी उठले. चप्पल पायातच होती. तोही उठला, दाराशी आडवा आला, पण मला अडवायची त्याची हिंमत झाली नाही, चौकटीला धरून उभा राहिला.

“मालन, हे बघ, माझं ऐकून तर घे.”

“ऐकलं की,” मी म्हटलं. “शेवटपर्यंत ऐकलं.”

आणि जिना उतरले.